संगणकाच्या खोलीची किल्ली

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. शिवकाल, पेशवाई, फ्रेंच राज्यक्रांती आणि दोन महायुद्धं, यापलीकडे आमच्या पाठ्यपुस्तकाची धाव नव्हती. तेव्हा कॉम्प्युटरवर लिहायला ह्या बाई कोण, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण ज्या वस्तूवर मी हे एका बोटाने टंकते आहे, तिलाही आता सत्तर वर्षांचा भारतीय इतिहास झाला आहे. त्यातला एक कोपरा मला मास्तरकीमुळे फार ओळखीचा वाटतो. हे यंत्र शिक्षणसंस्थांनी निवडलं कसं, आणल्यावर ठेवलं कुठे, आणि हात कोणाला लावू दिला? प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात, हे चित्र ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

सुरुवात कानपूरपासून करते, कारण तिथे एक मराठी माणूस होता. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. जन्म धारवाडचा, १९०९ सालचा. लिव्हरपूलहून डॉक्टरेट करून आले आणि मुंबईत व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रिकल शिकवू लागले. पवईच्या आयआयटीच्या उभारणीतही त्यांचा हात होता. १९५९ साली कानपूर आयआयटीचे पहिले संचालक म्हणून ते गेले तेव्हा संस्थेला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. पहिले वर्ग हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेत उसन्या जागेत भरले. १९६२ साली नऊ अमेरिकन विद्यापीठांनी मिळून या संस्थेला दहा वर्षं मदत करायचं ठरवलं. एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू अशी सगळी मोठी घराणी त्यात होती. आणि ऑगस्ट १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० नावाचा संगणक येऊन दाखल झाला.

या १६२०ची एक गंमत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या यंत्राला बेरीज येत नव्हती! म्हणजे बेरजेसाठी वेगळी यंत्रणाच त्यात बसवलेली नव्हती. बेरजेचे आणि गुणाकाराचे तक्ते त्याच्या स्मृतीत भरून ठेवायचे, आणि प्रत्येक हिशेबाला ते तक्ता उघडून उत्तर बघायचं. आपण 'सात आठे छप्पन्न' पाठ करून ठेवतो, अगदी तसंच. चुकून तुमच्या प्रोग्रॅमने त्या तक्त्यावरच दुसरं काही लिहून टाकलं, की पुढच्या सगळ्या बेरजा चुकणार. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी 'ह्याला बेरीज येत नाही आणि हा प्रयत्नही करत नाही' अशा अर्थाचं टोपणनाव त्याला ठेवलं होतं. असली मुलं माझ्या वर्गात पुष्कळ होती. पण त्यांचे पाढे तरी कुठे पाठ असायचे!

यंत्र असं साधं, पण कानपूरला त्याचं जे केलं ते साधं नव्हतं. मांडणी करायला अमेरिकेहून जी माणसं आली त्यांत बर्कलीचे हॅरी हस्की होते. त्यांनी एनिआकवर काम केलेलं, इंग्लंडात ॲलन ट्युरिंगबरोबरही काम केलेलं. एवढा मोठा माणूस आला की आपल्याकडे काय होतं? यंत्राला हार, फीत कापणं, आणि मग दाराला कुलूप. कानपूरला तसं झालं नाही. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष यंत्राशी जाऊ दिलं. प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम इंजिनिअरिंगच्या सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. म्हणजे सिव्हिलवाल्यालाही फोरट्रान आलंच पाहिजे. एवढ्यावर न थांबता बाहेरच्या कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी आणि संशोधकांसाठी दहा-दहा दिवसांचे वर्ग सुरू केले. या वर्गांत शिकवणारे प्राध्यापक व्ही. राजारामन यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक पुढे १९६९ साली निघालं आणि त्यावर कितीतरी पिढ्या शिकल्या. १९६६ मध्ये कानपूरला आयबीएम ७०४४ हा मोठा संगणक आला, पण खरं काम त्या तक्ते बघणाऱ्या लहान यंत्राने आधीच करून ठेवलं होतं असं माझं मत.

आता पवई. पवईची आयआयटी १९५८ची, युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून उभी राहिलेली. साहजिकच तिथे साठीच्या दशकात संगणक आला तो रशियनांचा, मिन्स्क-२. दिल्लीच्या आयआयटीला ब्रिटिशांची मदत, म्हणून तिथे ब्रिटिश आयसीएल कंपनीचं यंत्र. मद्रासला जर्मनांची मदत, तिथे १९७३ साली आयबीएम ३७० आला. म्हणजे बघा, देशातल्या या अव्वल संस्था, पण 'आम्हाला अमुक शिकवायचं आहे म्हणून अमुक यंत्र' असं म्हणायची मुभा कोणालाच नव्हती. हा सगळा आहेर होता. लग्नात आलेल्या आहेराच्या भांड्यांचं तुम्हाला माहीतच आहे. एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही, पण परत तर करता येत नाही! मिन्स्कच्या यंत्रभाषेत लिहिलेलं आयबीएमवर चालायचं नाही आणि आयसीएलचं दोन्हीकडे नाही. एकाच देशातल्या या संस्था, पण एकीने घासून तयार केलेला प्रोग्रॅम दुसरीला जसाच्या तसा वापरता येईना. याची पुढची गंमत अशी की पवईला नंतर सत्तरच्या दशकात ईसी-१०३० हे सोव्हिएत गटातलं यंत्र आलं, आणि त्या यंत्रमालिकेची रचना आयबीएमच्या ३६०च्या धर्तीवर केलेली होती. शीतयुद्ध मैदानात चालू होतं, माजघरात मात्र एकमेकांच्या पाककृती उतरवून घेणं चाललं होतं.

कुलाब्याला टीआयएफआरने वेगळी वाट धरली होती. 'आपणच बनवू' म्हणून आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण मंडळींनी स्वतः यंत्र बांधलं. १९६० साली ते चालू झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. कौतुकाची गोष्ट खरीच. पण ते पुरं होईपर्यंत जगात व्हॉल्व्ह मागे पडून ट्रान्झिस्टरची यंत्रं आलेली होती. मग १९६४ मध्ये डॉ. होमी भाभांच्या त्याच संस्थेत अमेरिकन सीडीसी ३६०० हा बडा संगणक आला. काही जण याला टिफ्रॅकचा पराभव म्हणतात. मला तसं वाटत नाही. स्वयंपाक करून पाहिलेल्या बाईला खानावळीतला डबा पारखता येतो, इतकंच म्हणते. या सीडीसीवर बाहेरच्या संस्थांनाही काम करू दिलं जायचं. तेव्हाची पद्धत अशी, की प्रोग्रॅम आधी कागदावर चौकटी आखलेल्या तक्त्यात लिहायचा, मग त्याची पुठ्ठ्याची कार्डं पंच करायची, एका ओळीला एक कार्ड. तो गठ्ठा रबरबँड लावून खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायला जायचं. कागदावर काय असायचं? बहुतेक वेळा चूक. कुठे स्वल्पविराम राहिलेला, कुठे ओ आणि शून्याची गल्लत. दुरुस्त करा, परत गठ्ठा द्या, परत एक दिवस. यंत्र एका सेकंदात लाखो हिशेब करायचं आणि विद्यार्थ्याचा एक स्वल्पविराम दुरुस्त व्हायला दोन दिवस जायचे.

ही खिडकीची पद्धत मोडली अमेरिकेत, डार्टमथ नावाच्या एका कॉलेजात. न्यू हॅम्पशायर राज्यातलं, तसं आडबाजूचंच गाव. तिथले गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ. केमेनी मूळ बुडापेस्टचे, तरुणपणी आइनस्टाइनचे सहायक होते. कॉलेजकडे संगणक नव्हता तेव्हा कुर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने बॉस्टनला जायचे, एमआयटीचं यंत्र वापरायला. (आपल्याकडे लोक पिठाचा डबा घेऊन शेजारच्या गावच्या गिरणीत जायचे ना, तसंच.) १९५९ साली त्यांनी एलजीपी-३० नावाचं एक लहान यंत्र घेतलं आणि ते पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिलं. पदव्युत्तर नाही, संशोधक नाही, अठरा-वीस वर्षांची पोरं. त्या पोरांनी त्या चिमुकल्या यंत्रावर अल्गोल भाषेचा कंपायलर लिहून दाखवला. इथेच त्या दोघांचा विश्वास बसला असणार.

मग त्यांनी जो विचार केला तो मला आजही नवा वाटतो. केमेनींचं म्हणणं असं, की संगणक हा ग्रंथालयासारखा असावा. चांगल्या ग्रंथालयात विद्यार्थी कपाटापाशी जातो, पुस्तक काढतो, चाळतो, परत ठेवतो. 'कशाला हवंय?' असं त्याला कोणी विचारत नाही, आणि त्यासाठी पैसेही मागत नाही. संगणकही असाच हवा, आणि तो फक्त शास्त्राच्या विद्यार्थ्यांना नाही तर साहित्याच्या आणि इतिहासाच्याही. (इतिहासाच्या! आमची आठवण कोणाला तरी झाली.) आता ही अपेक्षा एकदा ठरली की यंत्र कसं घ्यायचं ते आपोआप ठरतं. सगळ्यात वेगवान यंत्र नको. एकाच वेळी अनेकांना वापरता येईल असं हवं. म्हणून त्यांनी जनरल इलेक्ट्रिकची दोन यंत्रं जोडून घेतली. एक जीई-२२५, हिशेब करणारं. दुसरं डेटानेट-३०, जे टेलिटाइपवर बसलेल्या माणसांशी बोलणं सांभाळायचं. ही सगळी व्यवस्था चालवणारा प्रोग्रॅम लिहिला तोसुद्धा पदवीच्या विद्यार्थ्यांनी. आणि इतिहासाच्या मुलालाही दोन तासांत यावी अशी सोपी भाषा त्यांनी बनवली, तिचं नाव बेसिक. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता तिच्यातला पहिला प्रोग्रॅम चालला. पहाटे चार! आपल्याकडे त्या वेळी शिपाई किल्ली घेऊन घरी झोपलेला असतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. 'सर्वांसाठी खुलं' म्हणणाऱ्या त्या कॉलेजात १९७२ पर्यंत मुलींना पदवीसाठी प्रवेश नव्हता. ग्रंथालय उघडं, पण फाटकच बंद. इतिहास शिकवताना अशा ठिकाणी थोडं थांबायची मला सवय आहे. असो.

पुढचा टप्पा, प्रत्येकाला आपापलं यंत्र. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने १९८२ साली जाहीर केलं की पुढच्या वर्षी येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक असेल. कुठलाही विभाग असो. १९८३ सालीच क्लार्कसन या कॉलेजानेही पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना झेनिथ कंपनीची यंत्रं दिली. पण ड्रेक्सेलची कथा जास्त रंगतदार आहे. त्यांच्या निवड समितीने ॲपल कंपनीचं एक यंत्र पसंत केलं, जे तोवर बाजारात आलेलंच नव्हतं! कंपनीने गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या होत्या. त्यामुळे समितीतल्या लोकांना आपल्याच सहकाऱ्यांना सांगता येईना की आपण काय घेतलंय. विचार करा, स्टाफरूममध्ये काय वातावरण असेल! विद्यार्थी १९८३च्या शरदात आले, फी भरली, वर्ग सुरू झाले आणि कॉम्प्युटरचा पत्ता नाही. २४ जानेवारी १९८४ ला ॲपलने ते यंत्र जगाला दाखवलं, त्याचं नाव मॅकिंटॉश, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या हाती पडलं. बाजारात किंमत २,४९५ डॉलर, ड्रेक्सेलच्या मुलांना सुमारे हजारात.

निवड चुकली का? सांगणं कठीण आहे. मॅक वापरायला सोपा होता. चित्रं, माऊस, कागदासारखा पांढरा पडदा. इंजिनिअरिंग न शिकणाऱ्यांना त्याची भीती वाटली नाही. पण सुरुवातीला त्याच्यासोबत लिहायचा एक आणि चित्रं काढायचा एक, एवढेच प्रोग्रॅम. शिकवायला लागणारं बाकीचं प्राध्यापकांनी स्वतः लिहावं लागलं. स्मृती १२८ केबी, आणि फ्लॉपीसाठी एकच फट, त्यामुळे नक्कल करायची तर एक फ्लॉपी काढा, दुसरी घाला, परत पहिली. आणि त्याच सप्टेंबरमध्ये ॲपलने चौपट स्मृतीचा मॅक आणला. चार वर्षं पुरेल म्हणून घेतलेलं यंत्र सहा-आठ महिन्यांत जुनं झालं. ज्यांनी मुलांना दहावीला मोबाईल घेऊन दिला आणि बारावीपर्यंत तो 'स्लो' झाल्याचं ऐकलं, त्या आईबापांना हे दुःख समजावून सांगायला नको.

एमआयटीने उलट केलं. त्यांनी १९८३ सालीच अथीना नावाचा प्रकल्प काढला. यंत्र विद्यार्थ्याच्या मालकीचं नाही. आवारात जागोजागी यंत्रं ठेवायची, विद्यार्थ्याने कुठेही बसावं, नाव सांगावं आणि त्याचं काम त्याच्यासमोर यावं. पैसा आणि यंत्रं दोन कंपन्यांकडून आली, डेक आणि आयबीएम. इंजिनिअरिंगला एकीची, बाकीच्यांना दुसरीची. म्हणजे पुन्हा आहेराची भांडी! पण इथे त्यांनी रडत न बसता दोन्ही प्रकारच्या यंत्रांच्या पडद्यांवर सारखंच चालेल असं सॉफ्टवेअर बनवलं. त्यातून निघालेली एक्स विंडो ही पद्धत पुढे कित्येक वर्षं लिनक्सच्या पडद्यांमागे राहिली. ही एवढी तांत्रिक माहिती मला भाच्याने दिली, तेव्हा त्याच्याबद्दलही सांगते.

माझा भाचा एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. (कॉलेजचं नाव लिहू नकोस अशी ताकीद आहे.) गेल्या वर्षी त्याला खरेदी समितीवर घेतलं. तीन याद्या करायच्या होत्या : स्टाफसाठी लॅपटॉप, प्रयोगशाळांसाठी डेस्कटॉप, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः काय घ्यावं याचं सूचनापत्रक. रोज संध्याकाळी त्याचा फोन. "मावशी, आज काय ठरलं माहितेय? ऑफिसला आय-सेव्हन आणि लॅबला सगळ्यात स्वस्त येईल ते."

"अरे पण ऑफिसात करतात काय त्याच्यावर?"

"पत्रं आणि हजेरीचे तक्ते."

"आणि लॅबमध्ये?"

"तिथे साठ मुलं एकाच वेळी कंपाइल करतात. त्यांना आठ जीबी पुरेल म्हणतायत. मी सोळा मागितले तर म्हणाले, निविदेत सगळ्यात कमी दर ज्याचा त्यालाच काम जाणार, तू कशाला वाढवतोस?"

मी म्हटलं, हे जुनंच दुखणं आहे रे बाबा. ज्याची खुर्ची मोठी त्याचं यंत्र मोठं. आमच्या वेळी पंख्याचं असंच होतं, स्टाफरूममध्ये दोन आणि वर्गात एकही नाही. पण त्याने चिकाटी सोडली नाही. ऑफिसचे लॅपटॉप साधे करवून घेतले आणि त्या वाचलेल्या पैशांत लॅबच्या यंत्रांना हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घेतली. जुनी यंत्रं भंगारात न देता त्यांवर लिनक्स घालून वाचनालयात ठेवली. दुरुस्तीचा वार्षिक करार कोण सांभाळणार, वीज गेली तर यूपीएस किती मिनिटं टिकणार, या प्रश्नांवर तर म्हणे एकाही सभेत चर्चा झाली नव्हती. ती त्याने लावून धरली. भाचा कोणाचा आहे!

आता आपल्या शाळांकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलेला. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. देशभरातल्या सुमारे २५० शाळांना संगणक द्यायचे आणि शिक्षकांना शिकवायचं काम जवळच्या कॉलेजांतल्या केंद्रांनी करायचं. यंत्र निवडलं बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली बीबीसीच्या संगणक-साक्षरतेच्या कार्यक्रमासाठी बनवलं होतं आणि ब्रिटिश शाळांमध्ये ते अक्षरशः घरोघरच्या तुळशीसारखं होतं. मजबूत, कळफलक चांगला, मागे-खाली पुष्कळ खाचा, त्यांत काय काय जोडता यायचं. ३२ केबी स्मृती. (तुम्ही वाचताय तो हा देवनागरी लेखसुद्धा त्यात मावणार नाही.) बेसिक भाषा आतच बसवलेली. म्हणजे डार्टमथच्या त्या पहाटेचं फळ वीस वर्षांनी आपल्या शाळांत आलं म्हणायचं.

यंत्र वाईट नव्हतं. माझ्या माहितीतल्या एका शाळेत मी ते पाहिलंय. खोलीला पडदे, खाली गालिचा, दाराबाहेर चपला काढायच्या, यंत्रावर भरतकाम केलेलं झाकण. देव्हाराच! मुलं रांगेने यायची, एका यंत्रामागे पाच-सहा, एकाने कळ दाबायची आणि बाकीच्यांनी बघायचं. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात दहा मिनिटं चपला काढण्या-घालण्यात. शिकवायला गेलेल्या विज्ञानाच्या मास्तरांची बदली झाली आणि पुढचं वर्षभर झाकण निघालंच नाही. किल्ली होती, पण हरवायला नको म्हणून जपून ठेवलेली.

आणि भाषा. सोबत आलेले प्रोग्रॅम ब्रिटिश मुलांसाठी इंग्रजीत केलेले. मराठी माध्यमातल्या मुलाने आधी पडद्यावरचं इंग्रजी लावायचं आणि मग गणित समजून घ्यायचं. माझं बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातलं, तेव्हा ही अडचण मी पुस्तकात वाचलेली नाही. दुःख याचं वाटतं की उपाय त्याच सुमारास आपल्याच देशात, पुन्हा त्याच कानपूरच्या आयआयटीत आकाराला येत होता. १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात तिथल्या लोकांनी देवनागरीत चालणारा संगणक दाखवला होता. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम. पुढे ते पुण्याला सी-डॅकमध्ये आले आणि तिथे जिस्ट कार्ड तयार झालं. पीसीच्या आत एक कार्ड बसवायचं, की पडद्यावर मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली, हवी ती लिपी. सगळ्यांना एकच कळफलक, कारण क-ख-ग-घ सगळीकडे तेच. माझा आजचा मराठी कळफलक त्याच इनस्क्रिप्ट पद्धतीचा आहे. पण शाळा-कॉलेजांच्या खरेदीच्या याद्यांत मी प्रोसेसर वाचलाय, रॅम वाचलीय, 'मराठी लिहिता आलं पाहिजे' अशी अट मात्र कधी वाचली नाही. पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गाला मी पन्नाशीत बसले, तेव्हाही पहिले दोन महिने मी इंग्रजी कळाच शोधत होते.

नंतर स्वस्ताईचं युग आलं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा टॅब्लेट दिल्लीत समारंभाने जाहीर केला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती. इथे किंमत आधी ठरली आणि यंत्र नंतर. पडदा जोरात दाबल्याशिवाय ऐकत नाही, यंत्र रेंगाळतं, अशा तक्रारी आल्या; चाचण्या कशा घ्याव्यात यावरून वाद झाले. मग काम पवईच्या आयआयटीकडे आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशची दुसरी आवृत्ती आली तेव्हा प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, स्मृती दुप्पट आणि पडदा हलक्या बोटाला ऐकणारा होता. प्राध्यापक दीपक फाटक आणि त्यांच्या मंडळींनी त्यासाठी प्रोग्रॅम करवून घेतले आणि देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शिक्षकांना दूरस्थ वर्गांतून शिकवलं. पण तोवर बाजारातले फोनच स्वस्त आणि चपळ व्हायला लागले होते. सरकारी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत फोनच्या दोन पिढ्या होतात, तिथे आकाश काय करणार?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या कॉलेजांच्या सगळ्या प्रयोगशाळा एका दिवसात बंद झाल्या. निविदा काढून, तीन दरपत्रकं मागवून घेतलेली हजारो यंत्रं कुलपात आणि मुलं घरी. आमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात लॅपटॉप नाही, वडिलांचा फोन, तोही रात्रपाळी संपल्यावर मिळायचा. आमचं वायफाय जिन्यापर्यंत पोचतं म्हणून ती सकाळी पहिल्या मजल्याच्या पायरीवर येऊन बसायची. एकदा पाहिलं तर मांडीवर दोनशे पानी वही, आणि वहीत पेन्सिलीने सगळा प्रोग्रॅम लिहिलेला, ओळीखाली ओळ, महिरपी कंसांसकट. मी विचारलं, "अगं, हे कागदावर कशाला?"

म्हणाली, "आजी, फोनवर कंस शोधायला फार वेळ जातो. आधी वहीत बरोबर करून घेते, मग एकदाच टाकते. साडेदहाला बाबांना फोन परत द्यायचा असतो."